नवसाचं मुखत्यारपत्र

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, जेव्हा त्याला आईच्या ऋणाची लख्ख जाणीव होते आणि आता आपण काहीतरी केलंच पाहिजे असं तो मनोमन ठरवतो. माझ्या आयुष्यात हा क्षण एका मंगळवारी सकाळी साडेआठला आला. मी तेव्हा दाढी करत होतो आणि वस्तरा नेमका गळ्यावर होता, त्यामुळे आई जे म्हणाली त्याला "हं" यापलीकडे उत्तर देणं धोक्याचं होतं. पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ त्या "हं"मध्ये आहे.

आई म्हणाली होती, "देवीचं राहिलंय माझं. ते फेडल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवी व्हायची नाही. काय रे?"

टेबल म्हणजे ऑपरेशनचं. आईचा उजवा गुडघा बदलायचा होता. घरात ती भिंतीला धरून चालते. तिच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला तिच्या तळहाताचा एक पट्टाच उमटलाय. डॉक्टरांनी पुढच्या सोमवारची तारीख दिली होती. ती चुकली तर ते चार महिने परदेशात जाणार होते, आणि चार महिन्यांनी, ते म्हणाले, "आजींना भिंतही पुरणार नाही."

आणि देवी म्हणजे गावाबाहेरच्या डोंगरावरची. सहाशे चाळीस पायऱ्या. गाडीरस्ता नाही. रोपवेचं काम प्रगतिपथावर आहे असा पायथ्याशी बोर्ड आहे; बोर्ड गंजल्यामुळे मध्यंतरी नवा लावला, तेवढी प्रगती मी स्वतः पाहिली आहे.

म्हणजे परिस्थिती अशी होती: गुडघा बदलायचा तर आधी नवस फेडायला हवा, नवस फेडायचा तर डोंगर चढायला हवा, आणि डोंगर चढायचा तर गुडघा हवा. आमच्या कार्यालयात अशा प्रकरणाला आम्ही फार मान देतो. अशी फाइल एकदा सुरू झाली, की ती कोणाच्याच टेबलावर अडकत नाही. नुसती फिरत राहते.

"पण नवस होता तरी कशाचा?" बायकोने विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. "याच्यासाठीच बोलले होते. याचं ते एकदाचं..."

"कळलं," मी हात वर करून म्हणालो.

मला खरंच कळलं होतं. गेल्या वर्षी मी अभिलेख शाखेचा अधीक्षक झालो. ही बढती चौदा वर्षं रखडली होती. त्या चौदा वर्षांत एक माउली आपल्या मुलासाठी देवीपुढे पदर पसरून उभी होती, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि माझा गळा दाटून आला. (थोडा कापलाही होता.) विषय मी मुद्दामच वाढू दिला नाही. माझ्या बढतीबद्दल बायकोचं मत वेगळं आहे. तिच्या मते माझ्या पुढचे दोघं निवृत्त झाले आणि तिसरा लाच घेताना सापडला, म्हणून ते पद माझ्यापर्यंत घरंगळत आलं.

"आई, खुर्चीत बसवून वर नेणारे असतात तिथे," बायको म्हणाली. "दोघं जण उचलतात."

"मी पायी येईन म्हणाले होते. खुर्चीत बसले तर चढणार ते दोघं. माझं तसंच राहायचं."

"मग तुझ्या वतीने मी चढतो," मी म्हणालो.

"चालतं का तसं?"

इथे दुसरा कोणीही माणूस "न चालायला काय झालं" म्हणाला असता आणि चपला घालून निघाला असता. पण अभिलेख शाखेत एकोणतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून जे वाक्य निघायचं तेच निघालं. मी म्हणालो, "चालतं. पण कागद लागेल."

ही बातमी इमारतीत पसरायला दुपार पुरली. आमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहतात. आम्ही त्यांना खालचे सर म्हणतो. मी दुसऱ्या मजल्यावरच्या याच घरात जन्मलो आणि तेव्हापासून आमचं काहीही खाली पडलं तर सर ते वर आणून देतात, सोबत एक सल्लाही देतात. त्या संध्याकाळी ते नुसता सल्ला घेऊन आले.

"सहाशे चाळीस पायऱ्या," ते म्हणाले. "आपला एक जिना अठरा पायऱ्यांचा. छत्तीस वेळा चढलास की डोंगर झाला, वर आठ पायऱ्या शिल्लक. आज सहा वेळा, उद्या बारा वेळा, असा सराव कर. या वयात एकदम चढशील तर वर पोचशील, पण देवीकडे नाही, तिच्याही वर."

सल्ला गणिती असल्यामुळे मला पटला. बुधवारी सकाळी मी बूट घालून जिन्यात उतरलो. पहिल्या फेरीला काही झालं नाही. दुसऱ्या फेरीला पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी दार उघडून "आज काही नको" असं सांगून बंद केलं. तिसऱ्या फेरीला त्यांनीच पुन्हा उघडलं आणि म्हणाल्या, "एकदा सांगितलं ना!" चौथ्या फेरीला मी मधल्या वळणावर भिंतीला टेकून उभा होतो, तेव्हा वरून उतरणारे तीन जण माझ्याभोवती जमले आणि माझ्या छातीत दुखतंय की हातात, यावर त्यांच्यात मतभेद झाले. एकाने माझ्या शर्टाची वरची बटणं उघडली. सराव चाललाय असं मी सांगत होतो, पण दम लागल्यामुळे फक्त "स...स..." एवढंच बाहेर पडत होतं, आणि त्यावरून साप चावला असावा असं तेवढ्यात आलेल्या चौथ्याचं मत पडलं.

गुरुवारी सोसायटीच्या सचिवांची नोटीस आली. "काही सभासद सामायिक जिन्याचा विनाकारण व वारंवार वापर करीत असल्याचे निदर्शनास आले आहे." नाव नव्हतं. पण नोटीस फक्त आमच्याच दारावर चिकटवली होती.

मुखत्यारपत्राचं काम मात्र मी चोख करायचं ठरवलं. मसुदा मी स्वतः लिहिला. "मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा घरकाम, असे लिहून देते की, मी श्रीदेवीपुढे पूर्वी तोंडी केलेला नवस शारीरिक कारणास्तव स्वतः फेडू शकत नसल्याने, माझे चिरंजीव यांना माझ्या वतीने डोंगर चढणे, नमस्कार करणे, व त्या अनुषंगाने करावी लागणारी इतर सर्व कृत्ये करणे, याचा अधिकार देत आहे." हा मसुदा आईला वाचून दाखवला तेव्हा तिने चष्मा लावून तो स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाली, "इतर कृत्यं कसली करणार आहेस तिथे?"

तो घेऊन मी नोटरीकडे गेलो. कचेरीच्या फाटकाशी झाडाखाली टेबल टाकून बसणारे वकील. त्यांनी मसुदा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. हसले असते तर मी समजू शकलो असतो. पण ते गंभीर झाले.

"नवस स्थावर की जंगम?"

"म्हणजे?"

"त्यावर स्टॅम्प ठरतो. डोंगर स्थावर आहे. पण नवस डोंगराला चिकटलेला नाही, तो तुमच्या मातोश्रींबरोबर फिरतोय." त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या वकिलांना हाक मारली. ते आले. त्यांच्या मते हा मालमत्तेचा प्रश्नच नव्हता, हा सेवेचा करार होता, आणि देवी दुसरा पक्ष असल्यामुळे तिची सही लागली असती. दोघांचं वाजलं. शेवटी "जंगम धरा, पुढे कोणी हरकत घेतली तर बघू" यावर मिटलं. हरकत कोण घेणार हे मी विचारलं नाही. कायद्यात शिरल्यावर असे प्रश्न विचारायचे नसतात.

शनिवारी सकाळी सात वाजता बायको आणि मी डोंगराच्या पायथ्याशी उभे होतो. बायको सोबत का आली असं मी विचारलं होतं. "तुम्हाला खाली कोण आणणार?" असं तिने विचारलं होतं.

पायथ्याशी देवस्थानचं कार्यालय आहे आणि त्याला एक खिडकी आहे. लोक खिडकीकडे ढुंकूनही न बघता थेट पायऱ्यांना लागत होते. मलाही तसं करता आलं असतं. कोणी अडवत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. पण खिशात शिक्का मारलेलं मुखत्यारपत्र असताना नुसतंच चढून जाणं मला जमलं नाही. मी खिडकीपाशी गेलो आणि कागद आत सरकवला.

आतला कारकून माझ्याच वयाचा होता. त्याने कागद उजेडात धरला, शिक्का पाहिला, तारीख पाहिली, मागची बाजू कोरी असल्याची खात्री केली. हे सगळं त्याने ज्या क्रमाने केलं, त्या क्रमाने मी ते एकोणतीस वर्षं करत आलो आहे. हा आपला माणूस आहे हे मला कळलं. आणि आता आपली धडगत नाही, हेही कळलं.

"मूळ नवसाची प्रत?"

"नवस तोंडी होता."

"साक्षीदार?"

"देवीच."

"त्या संस्थेच्या पदाधिकारी नाहीत," तो म्हणाला. चेहऱ्यावर रेघसुद्धा हलली नाही. माझ्या मनात त्याच्याविषयी आदर दाटून आला. "मातोश्री हयात आहेत?"

"आहेत. सोमवारी ऑपरेशन आहे. म्हणून तर..."

"हयातीचा दाखला?"

"अहो, कालच त्यांनी सही केली आहे!"

"काल होत्या, एवढंच त्यावरून दिसतं."

माझ्यामागे बायको नुसती उभी होती. तिचा श्वास मात्र मला ऐकू येत होता. कारकुनाला बहुधा दिसतही असावा, कारण तो उठून आत गेला आणि एक जाड रजिस्टर घेऊन आला. "एक ठराव आहे," तो म्हणाला. "परदेशी असलेल्या भक्तांसाठी. नवस बोलणाऱ्याने फोनवरून, देवीसमोर, सर्वांना ऐकू जाईल असा, स्वतःच्या तोंडाने नवस उच्चारायचा. तो पुजाऱ्याने ऐकायचा. मग वरच्या खिडकीत नोंद करून शिक्का."

"पण आई परदेशात नाही. घरी आहे."

"किती लांब ते ठरावात दिलेलं नाही."

त्याने मला एक फॉर्म दिला. त्यात "नवसाचा विषय" असा रकाना होता. मी ठळक अक्षरात लिहिलं: "चिरंजिवांची पदोन्नती." लिहून झाल्यावर फॉर्म उगाचच थोडा तिरका धरला, म्हणजे मागच्या रांगेला वाचता येईल. मागे रांग नव्हती. बायको होती. तिने वाचलं आणि पाण्याची बाटली दुसऱ्या खांद्यावर घेतली.

चढण्याविषयी मी फारसं लिहिणार नाही. पहिल्या शंभर पायऱ्या मी बायकोला अधीक्षकाच्या जबाबदाऱ्या समजावून सांगत चढलो. दुसऱ्या शंभरात फक्त ती बोलत होती. तिसऱ्या शंभरात कोणीच बोलत नव्हतं. तीनशे साठाव्या पायरीवर एक आजोबा मला मागे टाकून गेले. ते डोंगरावरून सकाळी एकदा उतरून आता दुसऱ्यांदा चढत होते. चारशे दहाव्या पायरीवर खुर्ची उचलणारे दोघं माझ्या मागोमाग चालू लागले. मी थांबलो की ते थांबत. मी चाललो की ते चालत. काही बोलत नव्हते, नुसते अंदाज घेत होते. पाचशेच्या पुढे मी हातही वापरायला लागलो. "हे पायी धरतात का?" मी बायकोला विचारलं. "ठराव बघायला लागेल," ती म्हणाली.

पण आईला मी शब्द दिला होता. सोमवार दोन दिवसांवर आला होता आणि भिंतीवरचा तो हाताचा पट्टा डोळ्यांपुढून हलत नव्हता. खुर्चीत बसलो असतो तर घरी जाऊन खोटं बोलावं लागलं असतं, आणि आईशी खोटं बोलण्याइतका दम माझ्यात उरला नव्हता. सहाशे चाळीसाव्या पायरीवर मी उभा राहिलो तेव्हा खुर्चीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पैज हरलेल्यावर दुसऱ्याला चहा पाजायची पाळी आली.

देवळात गर्दी होती. चाळीस-पन्नास माणसं रांगेत. पुजाऱ्याने फॉर्म वाचला आणि म्हणाला, "लावा फोन. स्पीकर मोठा करा."

सिग्नल फक्त घंटेखालच्या चौथऱ्यावर येत होता. मी चौथऱ्यावर चढून हात वर करून उभा राहिलो. आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनवर ती डोंगराच्या त्या बाजूलाही ऐकू जाईल अशी बोलते. रांग आपोआप शांत झाली.

"आई, मी वर आलोय. देवी समोर आहे. तू नवस बोल."

"पायी आलास ना?"

"पायी."

"सबंध?"

"सबंध," खालून बायको म्हणाली. या लग्नातली ती माझ्या बाजूची पहिली साक्ष.

आईने घसा साफ केला. मी डोळे मिटले. बढतीचा उच्चार होताच कसं उभं राहायचं, किती नम्रपणे मान झुकवायची, हे मी चढताना ठरवून ठेवलं होतं.

"आई, जगदंबे," फोन गरजला, "तू माझं ऐकलंस. तेव्हा मी बोलले होते, या पोराचं ते व्हायोलिन एकदाचं सुटू दे, मी तुझ्या पायऱ्या चढून येईन. सुटलं. घरात झोप लागायला लागली. मला यायला उशीर झाला, पोटात घे."

घंटा जरा हलली. तिला माझं डोकं लागलं होतं.

"तुम्ही व्हायोलिन वाजवायचात?" बायकोने विचारलं. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आहेत.

वाजवायचो. चोविसाव्या वर्षी मला कलेची ओढ लागली होती. रोज पहाटे पाच ते सात आणि कार्यालयातून आल्यावर पुन्हा. माझे मास्तर एके दिवशी पत्ता न ठेवता गाव सोडून गेले आणि माझी साधना तिथेच थांबली. संसारासाठी एका कलावंताने आपल्यातला कलावंत गाडून टाकला, अशी त्या घटनेची मी आजवर मनाशी मांडणी केली होती. ती कोणाला सांगितली नव्हती, कारण मोठे त्याग सांगायचे नसतात.

"विषय दुरुस्त करून घ्या," पुजारी मला म्हणाला. तो दयाळू होता. बाकीच्या रांगेकडे त्याने तोंड फिरवलं. खांदे मात्र हलत होते.

वरच्या खिडकीत एक म्हातारे कारकून होते. मी "पदोन्नती" खोडून "व्हायोलिन" लिहिलं आणि खाडाखोडीवर सही केली. त्यांनी तो शब्द वाचला आणि चष्मा कपाळावर नेला.

"व्हायोलिन... हा विषय येऊन गेलाय आमच्याकडे." त्यांच्या मागे विषयवार रजिस्टरं होती. संतती, नोकरी, घर, व्यसन. त्यांनी एक बारीक रजिस्टर काढलं, त्यावर "किरकोळ" असं लिहिलेलं होतं, आणि एकोणतीस वर्षांपूर्वीचं पान उघडलं. "विषय तोच असेल तर त्याच पानावर पुढचा क्रमांक देतो आम्ही. पत्ता सांगा."

मी सांगितला. त्यांनी बोट पानावर खाली नेलं आणि थांबवलं. मग रजिस्टर माझ्याकडे वळवलं.

पानावर चार नोंदी होत्या. चारही एकाच महिन्यातल्या, चारही आमच्या इमारतीच्या पत्त्यावरच्या. विषयाच्या रकान्यात पहिल्या नोंदीला "वरच्या मजल्यावरील व्हायोलिन बंद होणे" असं खालच्या सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीला "वरीलप्रमाणे". चौथी माझ्या वडिलांची होती. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. ते आयुष्यात कधी देवळाची पायरी चढले नाहीत असं आई सांगते, आणि तिने नवसाची आठवण काढली की "घाई काय आहे" म्हणायचे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: पायी, अनवाणी.

मी पाचवी नोंद केली. कारकुनांनी शिक्का मारला.

आईचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. तिसऱ्या दिवशी ती वॉर्डात भिंत सोडून चालली आणि नर्सला म्हणाली, "पोराने पायी जाऊन फेडलं हो माझं." खालचे सर भेटायला आले होते. "जमलं म्हणायचं तुला," ते म्हणाले आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मीही पाहिलं. बाहेर पार्किंग होतं.

घरी येऊन मी जुन्या पेटीतून व्हायोलिनच्या क्लासचं हजेरीकार्ड शोधून काढलं. मी एकूण अकरा आठवडे व्हायोलिन वाजवलं होतं.